एक बंगला, चार सह्या आणि साडेसात मीटरचा रस्ता

कोथरूडमधलं आमचं घर विकायला वीस महिने लागले. जून 2023 मध्ये फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लावली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये खरेदीखत नोंदवलं. या काळात तीन गिऱ्हाईकं पक्की झाली, त्यातली दोन फिरली. कोण का फिरलं, कुठला कागद कुठे अडला, शेजाऱ्यांचं म्हणणं काय होतं, हे सगळं मी एका वहीत लिहीत गेले. त्या वहीवरून हे प्रकरण मांडते आहे. विक्रीची रक्कम लिहीत नाही, तसं भावंडांमध्ये ठरलेलं आहे. रकमेवाचूनही हे समजायला अडचण येणार नाही, कारण घराचा भाव घरावरून ठरलाच नाही. तो ठरला समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून आणि कपाटातल्या कागदांवरून. हे आम्हाला पाटी लावण्याआधी कळायला हवं होतं.

आधी घर. कर्वे पुतळ्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या गृहरचना संस्थेतला 4,200 चौरस फुटांचा प्लॉट. बाबांनी तो 1969 मध्ये घेतला आणि 1973 मध्ये खालचा मजला बांधला. दगडी जोतं, चौदा इंची विटांच्या भिंती, पुढे ओटा, मागे धुणं-भांड्यांची मोरी आणि हौद. 1986 मध्ये दादाच्या दहावीच्या सुट्टीत वरच्या दोन खोल्या आणि गच्ची झाली. उजव्या अंगाला आंबा आहे, 1974 चा. त्याचं साल आईला पक्कं आठवतं, कारण मी तेव्हा पोटात होते.

बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, "इतक्या लांब रानात कोण राहणार?" महर्षी कर्वे यांनी 1900 मध्ये आपली संस्था पुण्यातून हिंगण्याला नेली ती याच भागात. फर्ग्युसनमध्ये शिकवून ते रोज चिखल तुडवत इकडे यायचे. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनीही इथे मुख्यतः शेतं, गावठाण आणि टेकड्याच होत्या. 1962 मध्ये किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना सुरू झाला, पौड रस्त्याच्या कडेने उद्योग आले, आणि नोकरदारांच्या संस्थांनी शेतकऱ्यांकडून जमिनी घेऊन प्लॉट पाडले. आमचा रस्ता त्या आराखड्यातलाच, पंचवीस फुटी. त्या काळी गल्लीत एक स्कूटर आणि बाकी सायकली. पंचवीस फूट म्हणजे मैदान वाटायचं.

बाबा 2011 मध्ये गेले, आई एकटी राहिली. मी दोन किलोमीटरवर राहते, दादा नाशिकला, ताई न्यू जर्सीला. 2022 च्या पावसाळ्यात आई जिन्यावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण वरच्या खोल्या तेव्हापासून बंदच झाल्या. पुढच्या मे महिन्यात ताई आली असताना चौघांनी बसून ठरवलं, विकायचं. आईची एकच अट होती: "मी कोथरूड सोडणार नाही. भाजीवाली, देऊळ आणि टेकडी, यातलं एक जरी सुटलं तरी मला चालायचं नाही."

इथे पहिली चूक झाली. आम्ही आधी पाटी लावली आणि मग कागद काढले.

बाबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. संस्थेच्या दप्तरात त्यांनी दादाचं नाव नॉमिनी म्हणून दिलं होतं, आणि बारा वर्षं आमच्या घरात सगळे समजत होते की घर दादाच्या नावावर आहे. दादालाही तसंच वाटत होतं. मनात लबाडी अजिबात नव्हती, समजूतच तशी होती. वकिलांनी पहिल्याच भेटीत ती मोडली. नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा सांभाळणारा, मालक नव्हे. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे बाबांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत आई आणि आम्ही तिघं, असे चार समान वाटे. म्हणजे खरेदीखतावर चार सह्या हव्यात आणि त्यातली एक अमेरिकेतून येणार.

हे ऐकल्यावर नाशिकचा फोन तीन आठवडे आला नाही. तो काळ आईला सगळ्यात जड गेला. शेवटी तीच त्याच्याकडे जाऊन चार दिवस राहिली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परत आली तेव्हा वारस नोंदीच्या अर्जावर दादाची सही होती.

दुसरी गोष्ट म्हणजे जमीन मुळात आमची नव्हतीच. पुण्यातल्या अनेक जुन्या संस्था 'टेनंट ओनरशिप' प्रकारातल्या आहेत. जमीन संस्थेची, सभासदाला ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते, आणि तिच्यावरचं घर तेवढं सभासदाचं. मालमत्ता पत्रकावर धारक म्हणून संस्थेचं नाव, आमचं नाव पट्टेदार म्हणून. अशा घराच्या विक्रीला संस्थेची लेखी संमती लागते. शिवाय बाबांच्या भाडेपट्ट्यात एक कलम होतं: प्लॉटवर एकाच कुटुंबासाठी एकच निवासी इमारत. हे कलम पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

तिसरी गोष्ट वरच्या मजल्याची. 1986 चा मंजूर नकाशा सापडला, भोगवटा पत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण होऊन वापराला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मात्र कुठेच नव्हतं. बाबांनी काम पूर्ण झाल्यावर तो अर्ज केलाच नव्हता. घर आपलं, राहायचं आपल्याला, मग कागद कशाला, असा त्या पिढीचा विचार. पहिलं गिऱ्हाईक त्यापायीच गेलं.

ते हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं होतं, दोन लहान मुलं आणि सासूबाई. घर आहे तसं ठेवून राहायचं होतं त्यांना. मेट्रो मार्च 2022 मध्ये वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत सुरू झाली होती आणि 1 ऑगस्ट 2023 पासून ती रुबी हॉलपर्यंत जाऊ लागली. त्याच महिन्यात चांदणी चौकातले नवे पूल खुले झाले. तिथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे स्फोटाने पाडला, ते सगळ्या शहराने टीव्हीवर पाहिलं होतं. त्या चौकात रोज तासभर अडकणाऱ्या माणसाला कोथरूडमध्ये राहून हिंजवडीला जाणं तेव्हा पहिल्यांदा जमण्यासारखं वाटू लागलं. सासूबाईंनी ओट्यावर बसून आईशी तासभर गप्पा मारल्या. इसार पावतीचा मसुदाही तयार झाला. पण त्यांना कर्ज घ्यायचं होतं, आणि बँकेच्या वकिलांनी वरच्या मजल्याच्या भोगवटा पत्रावर बोट ठेवलं. कर्ज फक्त खालच्या मजल्याच्या किमतीवर मिळणार होतं आणि जमीन भाडेपट्ट्याची असल्यामुळे त्यातही कपात. ऑक्टोबरमध्ये ते मागे फिरले. फोनवर त्या बाई रडल्या. मलाही वाईट वाटलं, कारण चूक सर्वस्वी आमची होती आणि ती वेळेत निस्तरता आली असती.

मग बिल्डर आले. एकूण पाच जण, आणि पाचही जणांनी घरात पाऊल टाकण्याआधी रस्त्यावर टेप लावली.

त्याचं कारण असं. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये लागू झाली. तिच्यात प्लॉटवर किती बांधता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेलं आहे. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल तो आकडा म्हणजे एफएसआय. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय 1.1, बस्स. नऊ ते बारा मीटर असेल तर त्यावर पैसे भरून 0.5 प्रीमियम आणि 0.4 टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क), म्हणजे एकूण 2. दोन्हींवर आणखी साठ टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय, तोही शुल्क भरून. आमच्या 4,200 फुटांवर पहिल्या हिशोबाने 7,392 चौरस फूट होतात आणि दुसऱ्या हिशोबाने 13,440. सामासिक अंतरं (इमारतीच्या चहूबाजूंनी सोडायची मोकळी जागा), पार्किंग, जिना-लिफ्ट यांमुळे एवढ्या लहान प्लॉटवर कागदावरचं सगळं उतरत नाही. तरी फरक कुठला आहे ते दिसतंच.

आमचा रस्ता साडेसात मीटर. नऊला दीड मीटर कमी. दोन्ही बाजूच्या घरांनी पुढून पाऊण-पाऊण मीटर, म्हणजे अडीच फुटांहूनही कमी जागा सोडली असती तर गल्लीतल्या प्रत्येक प्लॉटची बांधकामक्षमता दुपटीच्या जवळ गेली असती. एका बिल्डरने याच बोलीवर सौदा मांडला. आज असलेल्या रस्त्याला एक भाव, आणि संपूर्ण गल्लीची संमती मिळवून रस्ता रुंद करून घेतला तर दुसरा, जवळजवळ दीडपट. संमती गोळा करायचं काम आमचं.

गल्लीत चौदा घरं. दादा सुट्टी काढून आला आणि आम्ही दोघं दारोदार फिरलो. अकरा घरं तयार होती. त्यातल्या सात घरांत आता फक्त सत्तरीच्या पुढची माणसं राहतात, मुलं बाहेर. त्यांचाही विचार आमच्याच वाटेवर होता. दोन घरं म्हणाली, सगळे देत असतील तर देऊ. एक घर नाही म्हणालं, आणि ते आमच्या डाव्या भिंतीला लागून राहणारे काका होते, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त अभियंता.

काकांचं म्हणणं मी पूर्ण लिहून ठेवलं आहे, कारण त्या वीस महिन्यांत मी ऐकलेलं ते सगळ्यात नीट विचार केलेलं बोलणं होतं. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि कागदावर चौदा चौकोन काढले. "आज या गल्लीत साधारण चाळीस माणसं आणि बारा मोटारी आहेत. नऊ मीटर झाला की प्रत्येक प्लॉटवर दहा-बारा फ्लॅट होणार. म्हणजे दीडशे कुटुंबं. दीडशे कुटुंबांच्या मोटारी त्या जास्तीच्या दीड मीटरमध्ये मावणार आहेत का? पाण्याची लाइन कधीची आहे? ड्रेनेज कधीचं? तू लहान असताना ते खणताना पाहिलंयस, तेच आहे अजून." दादा म्हणाला, "काका, बदल तर होणारच ना. शेजारच्या गल्ल्या बघा." काका म्हणाले, "बघतो की. रोज टेकडीवरून बघतो."

टेकडीवरून खरंच दिसतं. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वर चढलं की एका नजरेत कळतं कुठला रस्ता किती रुंद आहे. रुंद रस्त्यांच्या कडेने बारा-बारा मजले आणि मधल्या अरुंद गल्ल्यांमध्ये अजून हिरवी टोपी घातल्यासारखी झाडी. बंगल्यांची ही बेटं कोणी मुद्दाम राखलेली नाहीत. त्यांना रस्त्याच्या अरुंदपणाने राखलं आहे. काकांना हे माहीत होतं. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून नेण्याला जे नागरिक विरोध करत होते, त्यांच्या सभांनाही ते काठी टेकत जायचे.

मला काकांचा राग आला नाही असं नाही. दीडपट भाव म्हणजे आईच्या नव्या घराची, औषधांची आणि दिवसभर सोबत राहणाऱ्या बाईंच्या पगाराची काळजी उरलेल्या आयुष्यापुरती मिटली असती. पण त्यांच्या चौदा चौकोनांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. संमती झाली नाही. बिल्डर कमी भावावर आला, मग तोही गेला, कारण संस्थेने भाडेपट्ट्याचं 'एक कुटुंब, एक इमारत' हे कलम त्याच्यासाठी शिथिल करायला नकार दिला.

2024 चा अर्धा भाग असाच गेला. घर रिकामं राहिलं की किती वेगाने खचतं ते त्या पावसाळ्यात पाहिलं. गच्चीची पन्हळ तुंबली, वरच्या खोलीची भिंत फुगली, हौदाला शेवाळ. आईला मी तोवर माझ्याकडे आणलं होतं. ती रोज संध्याकाळी रिक्षा करून जायची, देवाजवळ दिवा लावायची आणि परत यायची.

तिसरं गिऱ्हाईक शेजारच्याच कॉलनीतून आलं. तीन चुलत भाऊ, तिघांची कुटुंबं भाड्याच्या किंवा लहान फ्लॅटमध्ये. स्वतःच्या पैशांनी प्लॉट घ्यायचा, जुनं पाडायचं आणि तीन मजल्यांवर तीन घरं बांधायची. विकायला एकही फ्लॅट नाही. त्यांना 1.1 पुरेसा होता. रस्त्याची टेप त्यांनी लावलीच नाही. कर्ज नाही, म्हणून भोगवटा पत्राचा अडथळाही नाही. त्यांचा भाव बिल्डरच्या वरच्या आकड्याहून बराच कमी, पण बिल्डरने शेवटी सांगितलेल्या भावाच्या किंचित वर होता.

प्रश्न राहिला त्या कलमाचा. तीन घरं म्हणजे एक कुटुंब कसं? संस्थेच्या सर्वसाधारण सभेत यावर दोन तास चर्चा झाली. काका उठून बोलले. ते विरोध करतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. ते म्हणाले, तिघं स्वतः राहणार असतील, विकणार नसतील आणि मोटारी आवारातच उभ्या करणार असतील, तर हे कुटुंबच आहे. एवढं लेखी घ्या आणि परवानगी द्या. ठराव मंजूर झाला.

त्याच सभेत आंब्याचा विषय निघाला. शहरांतल्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नास किंवा अधिक वर्षांचं झाड 'हेरिटेज' धरतात, आणि ते तोडायची परवानगी मिळाली तर झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. आमच्या आंब्याने 2024 मध्ये पन्नाशी गाठली. भावांपैकी मधला वास्तुरचनाकाराला घेऊन आला आणि त्यांनी इमारत डावीकडे सव्वा मीटर सरकवून नकाशा काढला. झाड उजव्या सामासिक अंतरात बसलं.

कराचा भाग थोडक्यात सांगते, कारण ज्यांचं कोणी परदेशात आहे त्यांना तो उपयोगी पडेल. 23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर 12.5 टक्के कर, महागाई निर्देशांकाचा फायदा नाही. त्याआधी घेतलेल्या मिळकतीसाठी जुना पर्याय, म्हणजे निर्देशांकासह 20 टक्के, खुला आहे, पण तो फक्त इथल्या रहिवाशांना. ताईला तो नव्हताच. वारशाने आलेल्या जुन्या घराला 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, ती मूल्यांककाकडून काढावी लागते आणि तेव्हाच्या रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरपत्रकापेक्षा, जास्त धरता येत नाही. मी हिशोब मांडला तेव्हा दिसलं की विक्री किंमत 2001 च्या किमतीच्या आठपटीपेक्षा कमी असेल तर जुना पर्याय स्वस्त, जास्त असेल तर नवा. 2024-25 चा निर्देशांक 363 धरून हे येतं. कोथरूडमध्ये जमीन आठपटीच्या बरीच पुढे गेली आहे, त्यामुळे आई, दादा आणि मी, तिघांनाही नवाच दर बरा पडला.

खरी धावपळ ताईच्या पाव हिश्श्याची झाली. आमच्या हिश्श्यांवर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापायचा, पण विकणारा अनिवासी असेल तर तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम 195 लागत होतं. त्याचा दर बराच जास्त, आणि दाखला नसेल तर कापणी नफ्यावर न होता तिच्या हिश्श्याच्या संपूर्ण रकमेवर होण्याची वेळ येते. कमी दराच्या दाखल्यासाठी ताईने अर्ज केला, खरेदी करणाऱ्या तिन्ही भावांना कर कापण्यासाठी वेगवेगळे टॅन क्रमांक काढावे लागले. तिचं कुलमुखत्यारपत्र तिकडे नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) होऊन आलं आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर मुद्रांक लावून घेतला. ही मुदत आम्हाला वकिलांनी तीनदा बजावली होती.

आईच्या हिश्श्यातून दोन वर्षांच्या आत घर घेतलं तर त्याच कायद्याच्या कलम 54 खाली त्या नफ्यावर सूट मिळणार होती. तिने फ्लॅट पाहायला सुरुवात केली तेव्हा आम्हाला वाटलं होतं की मेट्रो जवळ, दवाखाना जवळ असं काही पाहील. तिने पहिल्यांदा विचारलं ते लिफ्ट वीज गेल्यावर चालते का, आणि दुसऱ्यांदा, भाजीवालीची गाडी गेटपर्यंत येते का. दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर, 2003 च्या इमारतीत एक बेडरूमचं घर मिळालं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीचा एक तुकडा दिसतो.

फेब्रुवारीत नोंदणीच्या दिवशी आई, दादा आणि मी गेलो. अंगठ्याचे ठसे, फोटो, सह्या. आईचा अंगठा यंत्रावर उमटेना, चार वेळा पुसून ठेवावा लागला. तिथल्या मुलीने हळूच तिच्या हाताला पाणी लावून दिलं, मग उमटला. किल्ल्या आईने स्वतः खरेदीदारांमधल्या थोरल्या भावाच्या हातात दिल्या आणि मोरीच्या नळाला कुठल्या बाजूने पिळायचं ते सांगितलं, जरी मोरी महिन्याभरात जाणार हे तिला माहीत होतं.

घर मार्चअखेर पाडलं. दगडी जोत्याचे चिरे भावांनी विकले नाहीत, आवाराच्या भिंतीसाठी रचून ठेवले. मे महिन्यात मधल्या भावाचा फोन आला: "काकू, आंबे उतरवतोय, येता का?" आई गेली. पत्र्याच्या कुंपणाआड खड्डा खणलेला, झाडाच्या बुंध्याभोवती पोत्यांचं वेष्टन आणि त्यावर पिवळ्या रंगात क्रमांक. काका त्यांच्या बाजूने भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या वाट्याची पिशवी आईने भिंतीवरून दिली.